गुंडा आणि फाकडा : एका युद्धाच्या दोन भाषांतील आठवणी

एखादी लढाई निर्णायक होती की नव्हती, याचा निवाडा सहसा तहाच्या कलमांवरून केला जातो. कोणता मुलूख कोणाकडे गेला, किती खंडणी ठरली, कोण गादीवर बसला आणि कोण परागंदा झाला, एवढे समजले की राजकीय इतिहासाचे काम भागते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. लढाई संपल्यावर भाषेत काय उरले, हा त्याचा प्रश्न आहे. कोणता शब्द रूढ झाला, कोणाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, कोणती गोष्ट पुढच्या पिढीला सांगावीशी वाटली आणि कोणती सांगावीशी वाटली नाही, यांवरून त्या समाजाने त्या लढाईचा काय अर्थ लावला ते कळते. १७७५ ते १७८२ या काळात चाललेल्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाकडे या दृष्टीने पाहिले असता भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासातील एक उणीव ठळकपणे जाणवते. मराठीचे अभ्यासक वडगावची लढाई वाचतात, हिंदीचे अभ्यासक काशीतील चेतसिंहाचा उठाव वाचतात. पण या दोन घटना एकाच युद्धव्यवहाराची दोन टोके आहेत, हे ध्यानात घेऊन त्यांचे वाङ्मय एकत्र वाचण्याचा प्रयत्न क्वचितच होतो.

प्रथम एका दूरच्या उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ७ ऑक्टोबर १७८० रोजी उत्तर अमेरिकेतील कॅरोलायना प्रांतांच्या सीमेवर किंग्ज माउंटन नावाच्या टेकडीवर एक लढाई झाली. डोंगरापलीकडच्या वसाहतींतून उतरलेल्या सुमारे नऊशे सरहद्दवासी बंदूकधाऱ्यांनी इंग्रज राजाच्या बाजूच्या सुमारे अकराशे लोकांना तासाभरात नामोहरम केले. इंग्रज सेनानी पॅट्रिक फर्ग्युसन तेथे मारला गेला. या लढाईची विशेष गोष्ट अशी की, दोन्ही बाजूंनी लढणारे लोक बहुतेक सारे अमेरिकनच होते. फर्ग्युसन हा जवळजवळ एकटाच परका. पुढे जेफर्सनने या लढाईला युद्धाचे पारडे फिरविणारी घटना मानले. परंतु तिला अमेरिकन स्मृतीत स्थान मिळाले ते केवळ त्याच्या अभिप्रायामुळे नव्हे. लायमन ड्रेपर नावाच्या संग्राहकाने सरहद्दीवरील म्हाताऱ्या माणसांच्या व त्यांच्या वंशजांच्या आठवणी, पत्रे आणि टिपणे अनेक वर्षे जमविली आणि १८८१ मध्ये या लढाईवर व तीतील वीरांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लढाईला शंभर वर्षे होऊन गेल्यावरही तिची मौखिक सामग्री कोणीतरी गोळा केली, म्हणून ती अभ्यासाला उपलब्ध झाली.

या अमेरिकन युद्धाचा काशीशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. तो कारणपरंपरेचा आहे. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगा येथे इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला. त्यामुळे धीर येऊन फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये अमेरिकन वसाहतींशी तह केला आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले. ही वार्ता १७७८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्यास पोहोचली. त्याआधीच सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात येऊन दाखल झाला होता, त्यामुळे पुणे दरबार आणि फ्रेंच एक होतील ही धास्ती गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला होतीच. कंपनीला पैसा हवा होता. काशीची जमीनदारी १७७५ मध्ये अवधच्या नबाबाकडून कंपनीकडे आली होती आणि राजा चेतसिंह सालिना सुमारे साडेबावीस लाख रुपये कंपनीस भरत होता. फ्रेंच युद्धाचे निमित्त करून हेस्टिंग्जने त्याच्याकडे तीन पलटणींच्या खर्चासाठी आणखी पाच लाखांची मागणी केली. ती पुढच्या दोन वर्षीही झाली आणि १७८० मध्ये तिच्यावर घोडदळाच्या मागणीची भर पडली. मराठ्यांशी, हैदरअलीशी आणि फ्रेंचांशी एकाच वेळी चाललेल्या लढायांचा बोजा अशा रीतीने गंगाकाठच्या रयतेवर येऊन पडला. सॅराटोगाच्या शरणागतीपासून शिवाला घाटापर्यंत येणारी ही वाट लांबची असली तरी तुटलेली नाही.

या युद्धाचे मराठी टोक वडगाव मावळ येथे आहे. रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली आणि बोरघाट चढून वर आली. तिच्यामागे ओझ्याच्या बैलांची एवढी प्रचंड रांग होती की, दिवसाकाठी तीन-चार किलोमीटर वाटचालही तिला जड जाई. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. वाटेवरची गावे मोकळी करणे, दाणावैरण जाळणे आणि फौजेच्या दोन्ही अंगांना सतत टोचत राहणे ही त्यांची रीत होती. जानेवारी १७७९ च्या आरंभी इंग्रज तळेगावास पोहोचले, तेव्हा ते गाव ओस पडलेले व जळालेले आढळले. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून त्यांनी माघार घेतली, वडगावास ते वेढले गेले आणि काही दिवसांतच शरणागतीच्या कलमांवर त्यांना सह्या कराव्या लागल्या. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करणे, बंगालमधून निघालेली फौज माघारी पाठविणे व रघुनाथरावास स्वाधीन करणे ही त्यांतील मुख्य कलमे होत. महादजी शिंदे व नाना फडणवीस हे दोघेही १७६१ च्या पानिपतातून वाचलेले. अठरा वर्षांनी, त्याच संक्रांतीच्या दिवसांत, त्यांनी हा जय मिळविला.

तरीही मराठी वाङ्मयात पानिपताचा जो ठसा उमटला आहे, त्याच्याशी तुलना करता वडगावचा ठसा फारच पुसट म्हटला पाहिजे. पानिपताने ‘भाऊसाहेबांची बखर’ दिली, पोवाडे दिले, रोजच्या बोलण्यात वाक्प्रचार दिले आणि १९८८ मध्ये विश्वास पाटील यांच्या कादंबरीच्या रूपाने त्या स्मृतीला पुन्हा मोठा वाचकवर्ग मिळाला. वडगावच्या वाट्याला यांतील फारच थोडे आले. याचे एक कारण असे सांगता येईल की, कंपनीने वडगावचा तह मानलाच नाही. जय मिळाला, पण त्याचे फळ पदरात पडले नाही. रघुनाथराव काही महिन्यांत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि युद्ध पुढे तीन वर्षे रेंगाळले. अखेर मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. अशा अर्धवट जयाची बखर कशी लिहावी, हा प्रश्न त्या काळच्या लेखकालाही पडला असावा. शोकांतिकेचा आकार पानिपताला आपोआप लाभला. वडगावला कोणताच आकार लाभला नाही.

वडगावने मराठी भाषेला एक गोष्ट मात्र निश्चितपणे दिली, आणि ती विलक्षण आहे. माघारीपूर्वीच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट हा इंग्रज अधिकारी मारला गेला. त्याचे धाडस मराठ्यांच्या मनात असे भरले की, त्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ हे नाव बहाल केले. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफने या नावाची नोंद केली आहे. म्हणजे लढाईनंतर जवळजवळ अर्धशतकाने हे नाव मावळात जिवंत होते, आणि ते आजही विसरले गेलेले नाही. फाकडा म्हणजे ऐटबाज, बेडर, तलवारीचा धनी. हा शब्द त्या काळी मराठी वीरांना मानाने लावला जात असे. पेशवाईतील फाकड्यांच्या गणतीत हा परका माणूसही जाऊन बसला. नानांचा डावपेच किंवा महादजींचा धूर्त संयम यांवर लोकभाषेने नवा शब्द घडविला नाही. तिने आपला जुना, मोलाचा शब्द शत्रूच्या मृत कप्तानाला दिला. लढाई कोणी जिंकली, यापेक्षा मरताना कोण कसा वागला, हे तिला अधिक महत्त्वाचे वाटले.

आता या युद्धाचे काशीतील टोक. वडगावनंतर अडीच वर्षांनी, १४ ऑगस्ट १७८१ रोजी, हेस्टिंग्ज चेतसिंहाकडून दंड वसूल करण्याच्या हेतूने काशीत आला व माधोदासाच्या बागेत उतरला. दंडाचा आकडा त्याच्या मनात पन्नास लाखांपर्यंत होता. १६ ऑगस्टला त्याने राजाला त्याच्या शिवाला घाटावरील वाड्यात नजरकैद केले. पहाऱ्यावर शिपायांच्या दोन तुकड्या होत्या, पण त्यांच्याजवळ काडतुसे नव्हती. रामनगरहून नदी ओलांडून हत्यारबंद लोक आले, गल्ल्या माणसांनी भरून गेल्या आणि काडतुसे घेऊन आलेल्या मदतीला आत शिरता येईना. चकमकीत स्टॉकर, स्कॉट आणि साइम्स हे तिघे लेफ्टनंट व त्यांचे बरेच शिपाई मारले गेले. या गोंधळात चेतसिंह पागोटी एकमेकांस बांधून केलेल्या दोरावरून नदीत उतरला व होडीने पैलतीरी गेला. २० तारखेला रामनगरवर घाईने केलेला इंग्रजी हल्ला फसला आणि २१ ऑगस्टच्या रात्री खुद्द गव्हर्नर जनरलला काशी सोडून चुनारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. पुढे कुमक आली, मेजर पॉपमने चेतसिंहाची ठाणी एकामागून एक घेतली आणि नोव्हेंबरात विजयगड पडला. याच पॉपमने आदल्या वर्षी ऑगस्टात ग्वाल्हेरचा किल्ला महादजींच्या अमलातून काढून घेतला होता. एकच अधिकारी, एकच युद्धखर्च, एकच गव्हर्नर जनरल. तरीही ग्वाल्हेर मराठ्यांच्या इतिहासात नोंदले जाते आणि विजयगड काशीच्या इतिहासात.

शिवाला घाटाच्या घटनेचे लेखी वाङ्मय विपुल आहे. हेस्टिंग्जने स्वतःच्या समर्थनासाठी काशीच्या बंडाची हकीगत लिहिली व ती १७८२ मध्ये कलकत्त्यात छापली गेली. खैरुद्दीन मुहंमदाने काशीच्या राजघराण्याची फारसी हकीगत लिहिली. हेस्टिंग्जबरोबर आलेला चित्रकार विल्यम हॉजेस याने १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात या दिवसांचे वर्णन केले. लंडनच्या पार्लमेंटात हेस्टिंग्जवर जे आरोप ठेवण्यात आले, त्यांत चेतसिंहाच्या प्रकरणाचा आरोप महत्त्वाचा होता. १३ जून १७८६ रोजी पिटने या आरोपाला अनपेक्षितपणे पाठिंबा दिला आणि पुढच्या दीर्घ खटल्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु काशीच्या गल्लीतील माणसाला यांतले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने हेस्टिंग्जच्या पळापळीची थट्टा करणारी, हत्तीघोड्यांच्या साजांची अदलाबदल झाल्याचे सांगणारी एक छोटी उक्ती रचली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. इंग्रजीत शेकडो पृष्ठांच्या हकिगती आणि लोकभाषेत दोन ओळी, असा हा जमाखर्च आहे. मात्र टिकाऊपणाच्या दृष्टीने त्या दोन ओळी अधिक भाग्यवान ठरल्या.

काशीतच जन्मलेल्या जयशंकर प्रसादांनी या उक्तीच्या मागे असलेल्या नगराला कथेत आणले. ‘इंद्रजाल’ या १९३६ च्या संग्रहातील त्यांची ‘गुंडा’ ही कथा १७८१ च्या काशीत घडते. तिचा नायक नन्हकूसिंह हा जमीनदाराचा मुलगा. पन्नाशी उलटलेला, घरदार उधळून बसलेला, शब्दाला जागणारा, दुबळ्यांच्या पाठीशी उभा राहणारा आणि दंडसत्तेला न जुमानणारा. चेतसिंहाची आई पन्ना हिच्यावर तरुणपणी त्याचे प्रेम होते; ते विफल झाले आणि त्याचे आयुष्य भरकटले. कथेच्या शेवटी तो शिवाला घाटावरील वाड्यात शिरतो, राजमाता व राजा यांना होडीत पोहोचविण्यासाठी शिपायांना एकटा अडवून धरतो आणि तेथेच छिन्नभिन्न होऊन पडतो. ज्या शब्दाने आज हिंदीत व मराठीत केवळ दंडेलीचा बोध होतो, त्या शब्दाच्या पोटात प्रसादांनी एक हरवलेली नैतिकता शोधली. जेथे न्याय देणारी राज्यसंस्था उरली नाही, तेथे तिचे काम एक बदनाम माणूस आपल्या शिरावर घेतो, असा त्या कथेचा आशय आहे. इतिहासाशी ताडून पाहिल्यास कथेने घटनांना आपल्या सोयीने वाकविले आहे, हे खरे. चेतसिंहाची आई पुढे विजयगडावर होती आणि तो किल्ला पडताना तिला जे भोगावे लागले ते हेस्टिंग्जवरील आरोपांचाच भाग झाले. कथा मात्र होडीपाशीच थांबते. परंतु हेस्टिंग्जची हकीगत तरी निर्लेप कोठे आहे? तीही एका बचावाच्या गरजेतूनच लिहिली गेली होती.

फाकडा आणि गुंडा हे दोन शब्द शेजारी ठेवले की, निरनिराळ्या विभागांत वाटलेल्या या अभ्यासातून काय निसटते ते स्पष्ट होते. दोन्ही शब्दांनी एका हरलेल्या माणसाचे आचरण जपले आहे. स्ट्युअर्टच्या बाजूचा पराभव झाला; चेतसिंहाचे राज्य गेले. दोन्ही ठिकाणी लोकस्मृतीने दरबारातल्या मुत्सद्द्याला बाजूला ठेवून दाराशी किंवा खिंडीत उभा राहिलेला एकटा माणूस उचलला. पण फरकही तितकाच बोलका आहे. मराठीने मानाचा शब्द शत्रूला दिला, कारण त्या लढाईत ती जिंकत होती. जेत्याला औदार्य परवडते. काशीच्या लोकांनी शत्रूला थट्टेचा विषय केले, कारण त्यांचा जय पाच दिवसांचा होता आणि नंतर उरले होते ते हसणेच. दीडशे वर्षांनी प्रसादांनी त्या हसण्याचे रूपांतर शोकात केले. जय, औदार्य, थट्टा आणि शोक ही एकाच युद्धाची चार रूपे आहेत. त्यांतली पहिली दोन मराठी विभागात आणि उरलेली दोन हिंदी विभागात शिकवली गेली, तर विद्यार्थ्याला युद्धही कळत नाही आणि त्यातून घडलेले वाङ्मयही कळत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. वडगाव व काशी यांना एका धाग्यात ओवताना, जे राष्ट्रीय ऐक्य त्या काळी नव्हते ते मागाहून लादले जात नाही काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. नाना, महादजी व चेतसिंह हे एका ध्येयासाठी लढत नव्हते. चेतसिंहाचा विजयगड अजून झुंजत असताना, १३ ऑक्टोबर १७८१ रोजी, महादजींनी कर्नल म्यूर याच्याशी स्वतंत्र समेट केला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, अमेरिकेत यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला. तेथील सरहद्दीवरच्या लढाया एका मोठ्या शेवटाकडे एकवटत गेल्या. येथे प्रत्येक सरहद्द आपापली लढाई लढली आणि कंपनीला एकेकाशी वेगवेगळा हिशेब मिटविता आला. म्हणून एकत्र वाचन करावयाचे ते ऐक्याचा गौरव गाण्यासाठी नव्हे. ऐक्य का झाले नाही, आणि त्या न झालेल्या ऐक्याची खंत कोणत्या भाषेत व्यक्त झाली व कोणत्या भाषेत झाली नाही, हे पाहण्यासाठीच ते करावयास हवे. राजकारणातील तुटकपणा हा अभ्यासाचा विषय आहे. तोच तुटकपणा अभ्यासपद्धतीत उतरणे हा दोष आहे.

किंग्ज माउंटनचे उदाहरण आणखी एका बाबतीत मार्गदर्शक ठरते. तेथे दोन्ही बाजूंना एकाच भूमीचे लोक होते, आणि ड्रेपरला दोन्ही बाजूंचा विचार करावा लागला. वडगावास वेढल्या गेलेल्या मुंबईच्या पलटणींतही कोकणातील व घाटावरील शिपाई होते. शिवाला घाटावर काडतुसांवाचून मेलेले शिपाई ज्या बंगाल पलटणींतले होते, त्यांची भरती अवध, भोजपूर आणि खुद्द काशी प्रांतातून होत असे. त्यांना मारणाऱ्यांची आणि त्यांची बोली बहुधा एकच होती. स्ट्युअर्टला शब्द मिळाला, नन्हकूसिंहाला कथा मिळाली, हेस्टिंग्जला स्वतःचे पुस्तक मिळाले. या शिपायाला मात्र मराठीने किंवा हिंदीने फारसे काही दिलेले नाही. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो सरदार, राजे व राण्या यांच्या स्मृतीचा अमोल ठेवा आहे. पण त्याच्या शीर्षकातच ‘इतिहासप्रसिद्ध’ हा शब्द आहे. जे इतिहासात प्रसिद्ध नव्हते, त्यांच्या स्मृतीचा शोध घेण्याचे काम उरलेलेच आहे, आणि ते एका भाषेच्या कुंपणात होण्यासारखे नाही.

हे काम काशीत होणे अनेक कारणांनी उचित आहे. दुर्गाघाट-ब्रह्माघाट भागातील महाराष्ट्रीय वस्ती, भट्टांसारखी शतकानुशतके येथे नांदलेली पंडितघराणी आणि अहल्याबाईंनी उभारलेले विश्वनाथाचे मंदिर यांमुळे मराठी येथे परकी भाषा नाही. काशी आपल्या अमलात यावी ही पेशव्यांची जुनी आकांक्षा होती. ती कधीच सफल झाली नाही. तरीही यात्रेकरू, शास्त्री व वकील यांच्या पत्रांतून काशी मराठी कागदपत्रांत सतत डोकावते. मोतीचंद्रांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काशी का इतिहास’ या ग्रंथात मराठी पत्रव्यवहाराचा उपयोग करून एक वाट घालून दिली. राजवाडे, खरे व पारसनीस यांनी छापलेली पत्रे इतिहासाची साधने म्हणून वाचली गेली. गद्याचे नमुने म्हणून, भयाची, अफवेची व दूरच्या बातमीची भाषा म्हणून ती फारशी वाचली गेलेली नाहीत. त्या पत्रांतील मराठी, खैरुद्दीनाची फारसी, हेस्टिंग्जची इंग्रजी आणि प्रसादांची हिंदी एकाच टेबलावर मांडणारा अभ्यासक्रम आखणे अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने चारही भाषा शिकण्याची गरज नाही. चार विद्यार्थ्यांनी एकत्र बसण्याची गरज आहे.

या अभ्यासाचा आरंभ चेतसिंहाच्या उत्तरायुष्यापासून करता येईल. राज्य गमावलेला हा राजा महादजी शिंद्यांच्या आश्रयास गेला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेरीस मरण पावला. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे काशीचा हा माणूस एका मराठी सत्तेच्या छायेत राहिला. प्रसादांची कथा त्याला होडीत बसवून निरोप देते. मराठी इतिहास त्याची दखल एखाद्या ओळीत घेतो. त्या तीस वर्षांत तो कोणत्या भाषेत बोलला, कोणाला पत्रे लिहिली, शिंद्यांच्या दरबारात त्याला कोण म्हणून ओळखत, या प्रश्नांची उत्तरे एका भाषेच्या अभ्यासकाला मिळणे कठीण आहे. दोन भाषांच्या सीमेवर हरवलेला माणूस शोधावयाचा तर शोधणाऱ्यांनाही त्या सीमेवर यावे लागते.

यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पुढे दोनदा गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. दुसऱ्या खेपेस, शिंदे-होळकरांशी चाललेले युद्ध मिटविण्याच्या हेतूने गंगेवाटे वर जात असता, ५ ऑक्टोबर १८०५ रोजी गाझीपूर येथे त्याचे निधन झाले. काशीपासून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की त्याची भव्य समाधी लागते. शिवाला घाटाच्या ज्या भागातून चेतसिंह निसटला त्याला आज चेतसिंह घाट म्हणतात, आणि वडगाव मावळात इष्टूर फाकड्याचे नाव अजून सांगितले जाते. ही तीन ठिकाणे तीन निरनिराळ्या पुस्तकांत आहेत. ती एका पुस्तकात यावीत, एवढीच अपेक्षा आहे. आणि ते पुस्तक लिहिण्याची जबाबदारी इतिहासकारांइतकीच वाङ्मयाच्या अभ्यासकांवरही आहे.